मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पांढऱ्या पेशी : दाबाव्यात की वाढवाव्यात?

नमस्कार ताई,

चिंचा झोडताना झाडावरून पडलेल्या आपल्या धाकट्या भावाविषयी लिहिलेले दोनदा वाचले. छातीच्या चौथ्या मणक्याजवळ मज्जारज्जूला मार बसला, नागपूरला शस्त्रक्रिया होऊन 19 दिवस झाले, परवाच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी 16,000, म्हणजे चढ्या आल्या, आणि घरात दोन मते पडली : या पेशीच मज्जारज्जू खातात म्हणून दाह दाबणारे स्टिरॉईड पुन्हा द्यावे, असे एक, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा सुरू करावा, असे दुसरे. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 26 वर्षे काचेच्या पट्टीवर याच पेशी मोजत आलो आणि निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी वाचत असतो. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही मतांच्या बुडाशी एकच घोटाळा आहे : दंडातून काढलेल्या रक्तात दिसणाऱ्या पेशी आणि मज्जारज्जूभोवती जमलेल्या पेशी यांचा हिशेब एकच धरला आहे.

मज्जारज्जूत आणि मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या स्वतःच्या रक्षक पेशी असतात. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 साली त्या वेगळ्या ओळखल्या. गर्भ अगदी लहान असतानाच त्या तेथे वस्तीला येतात आणि मार बसला की काही मिनिटांत त्या जागेकडे वळतात. त्यांच्यामागून काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांची गर्दी साधारण पहिल्या दिवशी सर्वाधिक असते. मग तिसऱ्या दिवसापासून मोनोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी येऊन मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात आणि लिंफोसाइट ही तिसरी जात त्यांच्याही नंतर येते. न्यूट्रोफिल जी तीव्र रसायने सोडतात त्यांनी आजूबाजूच्या धडधाकट तंतूंचेही नुकसान होते, हे खरे आहे. ‘पेशी खातात’ हे आपण ऐकलेले त्यातूनच आलेले असावे. पण मेलेल्या तंतूंवरचे मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन उचलून नेणाऱ्याही याच वर्गातल्या पेशी आहेत. हातापायाच्या नसेत ही सफाई काही आठवड्यांत आटोपते, मज्जारज्जूत मात्र ती महिनोन्‌महिने रेंगाळते, म्हणून एकोणिसाव्या दिवशी तेथे भक्षक पेशी असणे हे उपचार फसल्याचे लक्षण मुळीच नाही.

या पेशी येतात कुठून, हा भाग मला स्वतःला सर्वांत नवलाचा वाटतो. आमच्या वेळच्या पुस्तकांत उत्तर सरळ होते : दूरच्या हाडांतील मज्जेतून (म्हणजे पेशी तयार करणाऱ्या हाडातल्या गरातून, मज्जारज्जूतून नव्हे) रक्तात आणि रक्तातून जखमेवर. मेंदूवर आणि मज्जारज्जूवर तीन आवरणे असतात आणि त्यांतील सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाला ड्यूरा म्हणतात. (आपल्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, शब्दांचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोयीचे आहे.) 2018 साली असे दिसले की, कवटीच्या हाडातील मज्जेपासून या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक वाटा आहेत आणि उंदराच्या मेंदूला इजा झाली की पेशी तेथून उतरतात, माणसाच्या कवटीतही तशा वाटा आढळल्या. 2021 साली मणक्यांच्या मज्जेबाबतही उंदरांत हेच निघाले. ज्याच्या धुऱ्यावरच विहीर आहे त्याने कॅनॉलच्या पाळीची वाट कशाला पाहावी, असा हा प्रकार आहे. शिवाय रक्तातून आलेल्या पेशी अधिक दाह करणाऱ्या, तर शेजारच्या मज्जेतून आलेल्या पेशी त्या मानाने दाह आवरणाऱ्या स्वभावाच्या दिसल्या.

म्हणूनच सगळ्या पेशी सरसकट दाबणे किंवा सरसकट वाढवणे या दोहोंत अर्थ नाही. 1999 साली अमेरिकेत मोठ्या उंदरांमध्ये रक्तातून येणारे मॅक्रोफेज कमी केले, तेव्हा त्यांचे पाय अधिक सुधारले. 2009 साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेत उंदरांतील मोनोसाइट हटवले, तर सुधारणा उलट खुंटली.

स्टिरॉईडचा इतिहासही लक्षात घ्यावा. 1990 च्या एका अमेरिकी चाचणीनंतर, इजा झाल्यापासून आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड मोठ्या प्रमाणात देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. पुढे तिच्यावर बरेच वाद झाले आणि 2013 साली अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी त्याविरुद्ध शिफारस केली. पहिल्या आठ तासांत ते द्यावे की नाही, यावर आजही तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण आपल्या भावाचे ते तास कधीच उलटून गेले. डोक्याच्या इजेत तर 10,008 रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2004 साली आले, स्टिरॉईड मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले आणि न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के.

काढ्याबद्दल थोडक्यात सांगतो : पोटातून घेतलेला कोणताही काढा या पेशींपैकी नेमक्या हव्या त्याच वाढवू शकत नाही, आणि सुरू असलेल्या औषधांबरोबर तो द्यायचाच झाला तर आधी डॉक्टरांना दाखवावा.

मात्र काढा सुचवणाऱ्यांच्या मनातील भीती अगदीच अस्थानी नाही. प्रतिकारशक्तीशी निगडित असलेल्या प्लीहेवर आणि मूत्रपिंडावरील ग्रंथींवर मेंदूचा जो ताबा असतो, तो चालवणाऱ्या नसा छातीच्या मधल्या भागातील मज्जारज्जूतून बाहेर पडतात. आपल्या भावासारखी छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झाली की हा ताबा तुटतो, आणि मज्जारज्जूत दाह चालू असतानाच उरलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद मात्र कमी पडते. माझा मामेभाऊ विहिरीत पडून असाच अधू झाला होता. आम्ही सगळे त्याच्या पायांकडे पाहत राहिलो, लघवीची नळी बदलायची तारीख कुणी लक्षात ठेवली नाही, आणि सातव्या महिन्यात लघवीतील जंतू रक्तात पसरून तो गेला.

तेव्हा त्या 16,000 च्या आकड्याकडे या नजरेने पाहा. पहिल्या दिवसाच्या स्टिरॉईडनेही पांढऱ्या पेशी वाढतात, पण तो परिणाम काही दिवसांत ओसरतो. 19 दिवसांनंतर आकडा चढा असेल तर आधी लघवी, छाती आणि पाठीची कातडी तपासायला हवी. भावाला लघवीची जळजळ जाणवणार नाही, त्यामुळे थंडी वाजून ताप येणे, लघवी गढूळ होणे किंवा तिला उग्र वास येणे, आणि पुढे पाय एकाएकी जास्त ताठरणे, एवढ्याच खुणा आपल्या हाती आहेत. उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा स्टिरॉईडचा विषय बाजूला ठेवून लघवीचे कल्चर (लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि छातीचा एक्स-रे करावा का, हे विचारा. नळी घातल्याची तारीख सोबत लिहून न्या, आणि कूस बदलताना माकडहाडाजवळची कातडी रोज उजेडात पाहत चला.