बीडजवळच्या खेड्यात राहतो, जवळ आहारतज्ज्ञ नाही. फोनवरच्या सल्ल्याने वजन उतरतं का, की व्हॉट्सअॅपवरचा काढा घेऊ?

फोनवरच्या सल्ल्याने उतरतं. काढ्याचे पैसे वाचवा. मी लातूरला आहारतज्ज्ञ आहे, खेड्यांतले बरेच रुग्ण फोनवरच बोलतात. फरक पडतो तो रोजच्या नोंदीने: भाकरी किती, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल किती, चहा कितीदा. (ज्वारी चांगलीच, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच.) आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी वजन करून कळवत जा. सध्याच्या वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम होतो. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. काढेवाल्याला दोनच गोष्टी विचारा: त्यात नेमकं काय आहे, आणि विकतंय कोण? मात्र मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा धाप लागत असेल, तर आधी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.