गॅरेजच्या दारातून : वळणानंतर पेडल खोल का जातं?

प्रश्न : काका, माझी 2014 ची स्विफ्ट आहे. रोज चिंचवड ते हिंजवडी ऑफिसला, आणि वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर. गेल्या महिन्यात श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास सर्किटवर ट्रॅक-डेला गेलो होतो. दुपारनंतर एक गंमत सुरू झाली. लांब उजव्या वळणानंतर ब्रेक दाबला की पेडल खोल जायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट लागायचं. ब्रेक ऑइल नवीन होतं, तरी परत एअर काढली. फरक नाही. परतीच्या हायवेवर साठच्या पुढे ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला लागला. आमचा गॅरेजवाला म्हणतो टायरचा आवाज आहे, चारही बदला. बदलू का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : टायरचे पैसे खिशातच ठेवा. मला संशय आहे डाव्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा, आणि तो आवाजामुळे नाही, पेडलमुळे आला.

ब्रेकची डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या तुकड्यावर बसते, आणि हब बेअरिंगवर. बेअरिंगमध्ये केसाएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला तरी लांब वळणात चाक आडवं दाबलं जातं, डिस्क तिरकी होते आणि कॅलिपरमधले (डिस्कला चिमट्यासारखा धरतो तो भाग) पॅड पिस्टनसकट मागे ढकलते. वळण संपलं, डिस्क सरळ झाली, पण पॅड मागेच राहिले. मग तुमचं पहिलं पेडल ती फट भरण्यात जातं, दुसरं ब्रेक लावतं. ब्रेकमध्ये हवा असती तर सरळ रस्त्यावरही पेडल स्पंजासारखं लागलं असतं. तुमचं फक्त वळणानंतर जातं. ट्रॅकवर बेअरिंगचं पहिलं पत्र हे असं पेडलमधून येतं, आवाज नंतर येतो. म्हणून ट्रॅकवरच्या पोरांना मी सांगतो, पेडल एकदा जरी असं गेलं तरी पिटमध्ये या. पुढच्या वळणाला दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच असं नाही.

डावंच का? तो ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, भार डाव्या चाकांवर. हायवेवर खात्री करून घ्या. मोकळ्या रस्त्यावर सत्तरला गाडी किंचित उजवीकडे घ्या. आवाज वाढला आणि डावीकडे घेतल्यावर दबला, तर बहुधा डावं. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावर वेगळा, काँक्रीटवर वेगळा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी लावा. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर लगेच बेअरिंग म्हणू नका, खालचा बॉल जॉइंटही तसाच हलतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. नंतर ब्रेक सोडून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू यायच्या आधी स्प्रिंगमधून बोटांना कळते. माझ्याकडे डायल गेज आहे, पण पहिली तपासणी मी अजून बोटांनीच करतो.

आता हे झालं का, ते थोडं सांगतो, कारण ‘पन्नास हजार किलोमीटरच झालेत’ असंही तुम्ही पत्रात वेगळं लिहिलं आहे. रस्त्यावर बेअरिंग लाखभर किलोमीटर आरामात चालतं. ट्रॅकवर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही. जोरात घेतलेल्या वळणात तुमच्या गाडीचं बाहेरचं पुढचं चाक साडेचारशे किलोच्या आसपास वजन उचलतं, आणि टायर चांगले असतील तर आडवा जोरही जवळपास तेवढाच. तो जोर लागतो जमिनीशी, म्हणजे बेअरिंगच्या फूटभर खाली. आणि आत छऱ्यांच्या दोन ओळींत अंतर किती? फारच थोडं. फूटभर पहारीने उचकटावं तसं ते उचकटलं जातं, प्रत्येक वळणाला. छऱ्यांच्या बेअरिंगचा हिशेब घनाचा आहे. भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं.

त्यात उष्णता. ट्रॅकवर डिस्क पाचशे अंशांवर सहज जाते आणि ती बेअरिंगच्याच हबला घट्ट आवळलेली असते. ग्रीस पातळ होतं, सीलचं रबर कडक होतं. म्हणून शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारा. आणि एक सवय सोडा : ट्रॅकवरून आल्या आल्या चाकांवर पाण्याचा पाइप धरायची. तापलेला हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. गाडी संध्याकाळी धुवा, चमक पळून जात नाही.

बदलायचं कसं, हे मी जरा रेंगाळून सांगणार आहे, कारण माझ्या पाहण्यात जितकी बेअरिंगं ट्रॅकने मारली त्याहून जास्त बसवणाऱ्याने मारली. त्यातलं एक मीही मारलंय. उद्यमनगरात मी नवा हेल्पर होतो, मारुती 800 चं काम होतं, बेअरिंग दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याकडे रांग होती. मी म्हटलं एवढ्यासाठी कशाला थांबायचं. लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडीने बेअरिंग बसवलं. छान बसलं. उस्तादांनी हब फिरवला, काही बोलले नाहीत. आठ दिवसांत गाडी घरघरत परत आली. त्यांनी ते बेअरिंग काढून ग्राइंडरने कापलं आणि रेस, म्हणजे छरे जिच्यावर फिरतात ती कडी, माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला छऱ्यांच्या अंतराने बारीक खळगे, जणू कुणी मोजून पाडलेत. माझ्या हातोडीचे ठोके होते ते. ती रेस अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

तर, तुमच्यासारख्या गाडीत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या धातूच्या सांध्यात, प्रेसने बसतं आणि सर्क्लिपने (खाचेत बसणारी कडी) अडतं. नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रेसवर. नंतर बेअरिंगमध्ये हब दाबताना आतल्या रेसला मागून आधार. उलट केलंत तर सगळा जोर छऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग तिथेच, तुमच्या डोळ्यांदेखत, मरतं. प्रेसवाल्याकडे स्वतः उभे राहा. त्याला राग आला तर चहा पाजा.

आदल्या रात्री नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, थोडं आकसतं आणि सरळ जातं. आमच्या घरी आमरसाच्या डब्याशेजारी बेअरिंग सापडलं तेव्हा जे ऐकावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

जुनं काढताना आतली अर्धी रेस हबवरच चिकटून राहते. ती ग्राइंडरने कापतात तेव्हा हबला ओरखडा गेला तर हबही बदला. नकलची बोर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, मापून घ्या. बेअरिंग आत फिरलेलं असेल तर बोर मोठी झालेली असते, आणि मग कुणीतरी हुशार माणूस सेंटर पंचने बोरमध्ये ठिपके मारून ‘टाइट झालं बघा’ म्हणेल. रस्त्यावर तो जुगाड कदाचित चालेल, ट्रॅकवर पहिल्या दिवशी सुटेल. नकल बदला.

ॲक्सलचा नट नवा, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गन नको. हा नट दोन आतल्या रेस एकमेकींवर दाबून धरतो, बेअरिंगची सगळी घट्टाई त्यात आहे. म्हणून चाक हवेत असताना, ब्रेक दाबून धरून तो पूर्ण आवळा, मगच गाडी खाली घ्या. नट ढिला असताना गाडी एक फूट ढकललीत तरी चालणार नाही. आवळल्यावर नट आणि ॲक्सलवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या ट्रॅक-डेला व्हील कॅप काढून नुसतं बघायचं, रेघ सरळ आहे ना.

बेअरिंग कुठलं? नावाजलेल्या कंपनीचं, पण खरं. तुमच्या चिंचवडलाच एसकेएफचा कारखाना आहे, आणि तरी बाजारात त्याच नावाची बनावट खोकी फिरतात. अर्ध्या किमतीत मिळालं तर समजून जा. शंका असेल तर कंपनीचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यावर फोटो पाठवून तपासून घेता येतं.

उजवंही आत्ताच बदला असं मी म्हणणार नाही. बोटांना गुळगुळीत लागत असेल तर राहू द्या. पण वर्षाला तीन-चार ट्रॅक-डे करणार असाल तर दर वेळी आधी आणि नंतर तपासा, आणि दोन वर्षांनी आवाज असो-नसो, पुढची जोडी बदला. ब्रेक पॅडला तुम्ही कुरकुर न करता पैसे घालता, तसंच हे.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो दर सहा महिन्यांनी व्हील बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्या. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्याकडे जुनी जीप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर शंभर टक्के खरं. तिथे टेपर रोलर, म्हणजे छऱ्यांऐवजी निमुळते रूळ, असतात, ते धुवायचे, ग्रीस भरायचं, नट जुळवायचा. पण तुम्ही बलेनो लिहिलंय. तिची बेअरिंगं कंपनीतून सीलबंद येतात. सील उचकटलंत तर ग्रीस जाईल एकदा आणि धूळ जाईल रोज.

प्रश्न : मी श्टुटगार्टजवळ राहतो, माझी माझ्दा एमएक्स-5 घेऊन न्युरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफेवर जातो. चाकं बाहेर दिसावीत म्हणून पुढे 20 मिलिमीटरचे स्पेसर (हब आणि चाकामधल्या चकत्या) लावायचे आहेत. बेअरिंगवर परिणाम होईल? – एक वाचक, जर्मनी

उत्तर : होईल. गाडी बनवणाऱ्याने चाकाच्या भाराची रेघ बेअरिंगच्या जवळून जाईल असं रिम ठरवलेलं असतं. तुम्ही ती दोन सेंटिमीटर बाहेर नेताय, म्हणजे सरळ चालतानाही बेअरिंग थोडं वाकवल्यासारखं राहणार. आणि तो ट्रॅक 20.8 किलोमीटरचा, काही ठिकाणी गाडी खाली आपटते, कारुसेल नावाच्या वळणाच्या काँक्रीटवर तर दात वाजतात म्हणे. नुसतं दिसण्यासाठी नको. मोठ्या कॅलिपरला जागा हवी असेल तर योग्य ऑफसेटचं (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) रिम घ्या. तुमच्या गाडीत एक सोय आहे, पुढचा हब बेअरिंगसकट एकत्र येतो, प्रेस लागत नाही. ट्रॅकवर ही गाडी चालवणारे पुष्कळ जण नवा हब बसवण्याआधी उघडून त्यात उष्णता सोसणारं ग्रीस भरतात. हात स्वच्छ आणि जागा स्वच्छ असेल तर मला ते पटतं. सांगलीच्या वाचकांनी हे वाचून बलेनो उघडू नये.

प्रश्न : पुढचं बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा दिवा जात नाही. सेन्सर नवा घातला, तरी तसंच. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बेअरिंग उलटं बसलंय बहुतेक. तुमच्या गाडीत एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी कडं असतं आणि सेन्सर ते वाचतो. कडं सेन्सरच्या बाजूला हवं. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात, बसवण्याआधी कागदाची पिन जवळ न्यायची, जिकडे हलकी चिकटते ती चुंबकाची बाजू. चिमटीतून सुटून आत पडणार नाही एवढं बघा. आता दाबून काढलं की ते बेअरिंग परत वापरता येणार नाही, नवंच लागेल. त्याचे पैसे तुम्ही द्यायचे की बसवणाऱ्याने, ते त्याच्या दुकानात जाऊन भांडा. सेन्सर मात्र जुना चांगला असेल, तो मागून घ्या.