टोपीचा, खिशांचा मफलर लांबत जातो तेव्हा

प्रश्न : माझ्या सासूबाई पहाटे फिरायला जातात आणि निफाडची थंडी आपणास ठाऊक आहेच. त्यांच्यासाठी मी लोकरीचा, टोपी जोडलेला मफलर क्रोशाने विणला आणि त्याची दोन्ही टोके दुमडून खिसे केले. सगळे विणकाम खांबांचे असून ओळी आडव्या आहेत. पंधरा दिवसांतच मफलर वीतभर लांबला, खिसे गुडघ्यांशी लोंबू लागले आणि टोपी सारखी मागे पडते. सर्व उसवावे लागेल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : उसवू नका. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते खिशांत आहे. खांब हा उंच, मोकळा टाका असल्यामुळे त्याला खालून वजन लावले की तो उभा ताणला जातो. आपल्या ओळी मफलरच्या रुंदीत असल्याने प्रत्येक ओळ थोडी थोडी लांबली आणि त्या सगळ्यांची मिळून वीत झाली. साधा मोबाइलही सुमारे 200 ग्रॅमचा असतो, त्यात किल्ल्यांची भर. मानेमागचा भागही याच ओढीने ताणला गेला, तिथे जोडलेल्या टोपीचा घेर त्याबरोबर सैल झाला आणि टोपीला डोक्यावर धरून ठेवणारे काही उरले नाही.

प्रथम मफलर थंड पाण्यात धुऊन, न पिळता टॉवेलमध्ये दाबून घ्यावा आणि चादरीवर आडवा पसरून हलक्या हाताने मूळ मापावर आणावा. दोरीवर वाळत घातल्यास पाण्याच्या वजनाने तो आणखी लांबेल. लोकर अ‍ॅक्रिलिकची असेल तर इस्त्री मुळीच फिरवू नका, कारण उष्णतेने तिचा धागा कायमचा ढिला पडतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

वाळल्यावर टोपी जिथे जोडली आहे, त्या शिवणीवर आतून बोटभर रुंदीची सुती फीत टाचून घ्यावी. फीत आधी भिजवून वाळवलेली असावी, म्हणजे नंतर आटणार नाही. प्रौढ स्त्रीच्या टोपीला हा पाया, म्हणजे मफलरला जोडलेली कड, साधारण 48 सेंटिमीटर आणि उंची 34 सेंटिमीटर असली म्हणजे पुरते. आपली टोपी उंचीला कमी भरत असेल तर चेहऱ्याकडच्या कडेला कितीही ओळी वाढवल्या तरी उपयोग होणार नाही, वरची शिवण उसवून तिथेच ओळी वाढवाव्या लागतील. त्यानंतर मफलरच्या दोन्ही लांब कडांना, नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक सुईने, मुक्या खांबांची (खांबापेक्षा बुटक्या, घट्ट टाक्यांची) एक घट्ट ओळ घालावी. पुढे वजन ही ओळ पेलते. मात्र दर वीतभर अंतरावर टेप लावून पाहावे, नाहीतर कड चुणते.

खिशांना आतून सुती कापडाचे अस्तर द्यावे आणि ते फक्त खिशाच्या तोंडाशी न शिवता बाजूच्या घट्ट कडांनाही शिवावे. क्रोशाच्या जाळीतून नाणे सहज निसटते, तेही यामुळे थांबते.

तान्ह्या बाळाच्या कुंचीला हनुवटीखाली बंद लावतात, ती युक्ती इथेही मला फार मोलाची वाटते : एका बाजूला मोठे बटण आणि दुसऱ्या बाजूला साखळीचा फास. वयस्कर बोटांना गाठ बांधण्यापेक्षा हे सोपे जाते आणि वाऱ्यातही टोपी जागची हलत नाही.

पुढचा मफलर विणाल तेव्हा मात्र ओळी लांबीत घ्या. तयार लांबी 180 सेंटिमीटर आणि प्रत्येक खिशाची दुमड 18 सेंटिमीटर धरली तर सुरुवातीची साखळी 216 सेंटिमीटर भरायला हवी. पूर्ण खांबाऐवजी ‘अर्धा खांब’ हा त्याहून बुटका टाका घातला तर लोकर काही जास्त लागेल, पण वीण दाट येईल आणि पहाटेचा वारा आत शिरणार नाही.