ऊन कमी वाटलं तरी त्वचा काळवंडते ती का? आणि उन्हातली डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं वर्षानुवर्षं मोजून उपयोग काय?

कारण उकाडा आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात सर्वांत जास्त तापतं दुपारी तीन-चारला, पण अतिनील किरणं टिपेला असतात साडेबाराच्या आसपास, सूर्य डोक्यावर असताना. थर्मामीटरला ती कळतच नाहीत. मे महिन्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस मराठवाड्यात सूर्य अगदी माथ्यावर येतो. जुलैत ढग असतात म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण पातळ ढगांतून ही किरणं बरीच खाली येतात.

मोजण्यासाठी यूव्ही (म्हणजे अतिनील) निर्देशांक आहे: 3 पासून काळजी, 8 पासून फार जास्त, 11 पासून अतितीव्र. पण निर्देशांक त्या क्षणाचा असतो. त्वचेवरचा परिणाम साठत जातो. सुरकुत्या, वांग, काही प्रकारचे कर्करोग हे वर्षांच्या हिशेबाने येतात. म्हणूनच दीर्घ नोंदी हव्यात. ओझोन, धूळ, ढग यांमुळे आकडे दरवर्षी हलतात, शिवाय मोजणाऱ्या यंत्राची संवेदनशीलताही हळूहळू घटते. नियमित कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं का याची पडताळणी, नसेल तर किरणं कमी झाली की यंत्र थकलं, हेच कळत नाही.

सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचं, संरक्षण असतं, पण पुरतं नाही, आणि डोळ्यांच्या भिंगाला तर तेही नाही. मोतीबिंदूशी या किरणांचा संबंध आहे. सोयाबीन काढणीला ऑक्टोबरातही दुपारी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी घाला. बायका डोक्याला रुमाल बांधतात ते चांगलंच, फक्त मान आणि गालही झाका.