सोनोग्राफीत ७ आठवडे १ दिवस आले, मग दिवस नेमके कधी गेले?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शेवटची पाळी १ मार्चला आली, चक्र साधारण ३५ दिवसांचं, पती १६ मार्चला बाहेरगावाहून परतले. २७ एप्रिलच्या सोनोग्राफीत सीआरएल, म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, १० मिलिमीटर आणि वय ७ आठवडे १ दिवस. घरात कुणीतरी कॅलेंडरवर ५० दिवस मागे मोजले, बोट ८ मार्चवर थांबलं, आणि तेव्हापासून घरात अबोला आहे.

अबोला धरणाऱ्यांचं गणित साफ चुकलंय. रिपोर्टमधले आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजलेले नसतात, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात. पाळीची तारीख बाईला सांगता येते, बीज सुटल्याचा दिवस कुणालाच दिसत नाही, म्हणून ही पद्धत पडली. त्यामुळे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतानाचेच असतात. "पण हे तर मशीनने मोजलंय" असं म्हणणारे हमखास भेटतात. मशीन फक्त लांबी मोजतं. त्या लांबीवरून आठवडे काढायचे तक्ते याच पद्धतीने बनवलेत, म्हणजे ते १४ दिवस तिथेही आधीच धरलेले असतात.

तेव्हा ५० मधून १४ काढा. उरले ३६ दिवस. २७ एप्रिलपासून ३६ दिवस मागे गेलं की २२ मार्च येतो.

आता पाळीकडून पडताळा. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १४ दिवस लागतात. चक्र लांबतं ते मुख्यतः त्याच्या आधीच्या भागात. ३५ मधून १४ गेले, राहिले २१. १ मार्चनंतर २१ दिवसांनी पुन्हा २२ मार्चच. दोन्ही वाटांनी इतकं चोख उत्तर नेहमी येत नाही, तुमचं आलंय.

तरी २२ ही तारीख दगडावरची रेघ समजू नका. या टप्प्यावरची सीआरएल ५ ते ७ दिवसांनी इकडे-तिकडे होऊ शकते. शिवाय संबंधाची तारीख आणि गर्भधारणेची तारीख एकच असते असंही नाही. शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत तग धरतात, सुटलेलं बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणजे १७ ते २७ मार्चच्या दरम्यान बीज सुटलं असं धरलं, तर संबंध १२ ते २७ मार्चमधला कुठलाही असू शकतो. १६ मार्च त्यात सहज बसतो.

मापात चूक कुठे होते तेही सांगते. या वयात गर्भ दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. शेजारची योक सॅक, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणारी छोटी पिशवी, चुकून लांबीत धरली, तर तीन-चार दिवस फुकटचे वाढतात. सोनोग्राफीत गर्भाचा छेद तिरका आला तर लांबी कमी भरते. म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. झटपट हिशेब हवा असेल तर मिलिमीटरमध्ये ४२ मिळवा, वय दिवसांत येतं. १० चे ५२ होतात, तुमच्या रिपोर्टमध्ये ५० आहेत. तक्त्यागणिक एवढा फरक पडतोच. बीटा एचसीजीच्या, म्हणजे रक्तात मोजतात त्या गरोदरपणाच्या संप्रेरकाच्या आकड्यावरून मात्र कुणी तारीख सांगत असेल तर ऐकू नका. एकाच दिवसाच्या गर्भाला दोन बायकांत तो आकडा कितीतरी पट वेगळा असतो.

प्रसूतीची तारीखही बदलून घ्या. १ मार्चपासून २८० दिवस धरले तर ६ डिसेंबर येते. ७ दिवस मिळवून ३ महिने वजा करण्याच्या नेगेलेच्या नियमाने ८ डिसेंबर, कारण महिने सारखे नसतात. दोन्ही तुमच्यासाठी चूक, कारण दोन्हींनी २८ दिवसांचं चक्र गृहीत धरलंय. ९ आठवड्यांच्या आत पाळी आणि सोनोग्राफीत ५ दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफी धरतात. २७ एप्रिलला पाळीने ५७ दिवस होतात, सोनोग्राफीने ५०. तुमचा फरक ७ दिवसांचा आहे, तेव्हा १३ डिसेंबर. ही एकदा ठरली की पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीवरून हलवू देऊ नका. सातव्या महिन्यात बाळ लहान भरलं तर त्याची वाढ कमी पडतेय का ते बघायचं असतं. तारीख पुढे ढकलली की नेमकं तेच झाकलं जातं.

आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांनो, "आठवडे पाळीपासून मोजले आहेत, गर्भधारणा यानंतर सुमारे २ आठवड्यांनी" ही एक ओळ खाली छापायला काय जातं? "पेशंट गोंधळतात" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. ती ओळ नसते म्हणून घरं गोंधळतात, आणि भोगते ती बाई.

एक मात्र खरं, की या तारखा पुरावा म्हणून कुणाच्याच बाजूने चालत नाहीत. पितृत्वाचा प्रश्न सोडवते ती डीएनए चाचणी, सोनोग्राफी नव्हे. पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील किंवा अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील, तर पाळीकडून केलेला पडताळा बाद. गर्भ रुजताना होणारं हलकं रक्तस्रवण काहींना पाळीच वाटते, तेव्हाही हिशेब चुकतो.

तुमच्यासारखं लांब चक्र असलेल्या इतर वाचकांसाठी: पाळीच्या हिशेबाने ६ आठवडे झाले आणि गर्भाभोवतीची पिशवी रिकामी दिसली किंवा ठोके दिसले नाहीत, तर लगेच गर्भाशय साफ करायला तयार होऊ नका. गर्भ ७ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ठोके नसण्यावरून निर्णय करत नाहीत, ७ ते १४ दिवसांनी पुन्हा बघतात. पण गर्भाशयात काहीच दिसत नाही आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.