मालदीवच्या बेटावरचं कौन्सिल नेमकं करतं काय?

प्रश्न: मालदीवमध्ये म्हणे बेटाबेटावर निवडून आलेलं कौन्सिल असतं, पण सगळं राजधानी माले शहरातूनच चालत असेल तर त्यांना काम काय उरतं?

उत्तर: काम भरपूर असतं हो! आधी सरकारनेच नेमलेला कथीब, म्हणजे बेटाचा प्रमुख, कारभार बघायचा, मग 2010 चा विकेंद्रीकरण कायदा आला आणि 2011 ला लोकांनी पहिल्यांदा कौन्सिलं निवडली. किनाऱ्यावर साचलेला प्लास्टिकचा ढीग कुठे हलवायचा, हे बघणं कौन्सिलचंच काम, आणि छोट्या बेटावर कचरा टाकायला जागा तरी किती असणार? मला सगळ्यात जास्त आवडलं ते 2019 चं, कायदा बदलून कौन्सिलमधल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवल्या, खूप आधीच व्हायला हवं होतं हे.