जुनं कुलूप ओळखताना

भाऊ, आधी चिंच आणि ब्रासो बाजूला ठेवा. पितळ चकाकलं की कोरीव अक्षरं आणि वापराच्या खुणा पुसट होतात. कोरडा मऊ ब्रश आणि तिरका उजेड पुरे. मग लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा किंवा पत्रा.

आता किल्लीचं भोक बघा, खरी माहिती तिथेच असते. भोकात आटे दिसले तर किल्ली स्क्रूसारखी फिरवत आत जाते आणि स्प्रिंग मागे ओढते. चपटी फट असेल तर किल्ली सरळ ढकलायची. ती आतल्या पात्या दाबते आणि कडी निसटते. पण या दोन्ही पद्धती फार काळ चालल्या, म्हणून नुसत्या रचनेवरून 'शिवकालीन' म्हणू नका. दोन भोकं म्हणजे बहुधा दोघांच्या हजेरीत उघडायची तिजोरी किंवा कोठार.

वय ठरवायला शिक्का सर्वात भरवशाचा. भुसावळच्या भंगारात 'जी.आय.पी.' छाप मिळाली तर कुलूप ग्रेट इंडियन पेनिन्सुला या जुन्या रेल्वे कंपनीचं. ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे छाप त्याआधीची. गोदरेजचं कुलूप १८९७ च्या आधीचं असूच शकत नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो भाग १९३० नंतरचा, कदाचित दुरुस्तीतला.

अडकलं तर ठोकू नका. रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा. बळजबरीने किल्ली फिरवली की जुनी स्प्रिंग तुटते, आणि तशी पुन्हा मिळत नाही.